वैमानिक व्हायचंय? देश सगळ्यात शेवटी ठरवा

जून २०२५ मध्ये सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळावरून गोव्याची विमानसेवा सुरू झाली आणि ऑक्टोबरात मुंबईची. विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडून तोवर दोन वर्षं झाली होती. त्या चिमणीवरून गावात जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कुठल्या चिमणीवरून झाली नसतील, पण तो विषय इथे नको. डोक्यावरून विमान जायला लागल्यापासून अकरावी-बारावीच्या वर्गात ‘सर, पायलट व्हायला काय लागतं?’ हा प्रश्न वाढला, एवढंच सांगायचंय. त्यामागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला असतो: ‘अमेरिका बरी, आफ्रिका बरी की न्यूझीलंड?’

हा दुसरा प्रश्न फार लवकर येतो, कारण एजंट तोच आधी विचारतो. पुण्याच्या एखाद्या हॉटेलात सेमिनार असतो, पडद्यावर निळं आकाश आणि पांढरा सेसना, म्हणजे शिकायचं छोटं विमान, दिसतो, आणि बाहेर पडताना बाप हिशेब करत असतो की जुळे सोलापूरचा प्लॉट किती लाखाला जाईल. वैमानिकाचा रस्ता उलट्या बाजूने बघायला हवा. नोकरी कुठल्या देशात करायची? तिथे कुठलं लायसन्स चालतं? ते लायसन्स किती तासांवर आणि कुठल्या परीक्षांवर मिळतं? मुळात डॉक्टर आपल्याला उडू देणार आहे का? एवढी उत्तरं हातात आली की देशाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

पहिलं उत्तर बहुतेकांचं एकच असतं, ते मान्य करो वा न करो: नोकरी भारतात. अमेरिकेत शिकलं की अमेरिकेतच विमान कंपनीत लागता येईल असं अनेकांना वाटतं. पण तिथे विमान कंपनीत सहवैमानिक व्हायलाही साधारणपणे १५०० तासांचं उड्डाण लागतं. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, त्यानंतर आलेल्या कायद्यामुळे २०१३ पासून ही अट आहे. शिवाय तिथे काम करण्याचा हक्क हवा आणि शिकायला दिलेल्या व्हिसात तो येत नाही. युरोपातही तेच. लायसन्स मिळेल, पण जाहिरातीत ‘युरोपीय संघात राहण्याचा व काम करण्याचा हक्क आवश्यक’ हे वाक्य असतंच. आणि २०२१ पासून ब्रिटनचं लायसन्स वेगळं झाल्यामुळे ब्रिटनमध्ये शिकून जर्मनीत उडता येत नाही. तेव्हा मामा न्यू जर्सीत आहे म्हणून तिथे नोकरीची सोय होईल हा हिशेब सोडून द्या. मामाकडे राहण्याचं भाडं वाचेल, तेही शाळा जवळ असेल तर.

भारतात उडायचं तर भारताचं लायसन्स लागतं. ते देतं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे सगळे ज्याला डीजीसीए म्हणतात ते. परदेशातलं कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, इथे जसंच्या तसं चालत नाही. त्याचं कन्व्हर्जन करावं लागतं. विजापूरची केए-२८ पासिंगची गाडी विकत घेऊन सोलापूरला आणली तर इंजिन तेच, चाकं तीच. तरी एनओसी, टॅक्स आणि नव्याने नोंदणी झाल्याशिवाय ती एमएच-१३ होत नाही. तसंच आहे हे. फरक इतकाच की इथे गाडीसोबत चालवणाऱ्याचीही पुन्हा परीक्षा होते.

त्या परीक्षा कुठल्या? भारतातच शिकणाऱ्याला एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक असे पेपर द्यावे लागतात, प्रत्येकात ७० टक्के. रेडिओवर बोलायचा परवाना वेगळा, त्याला आरटीआर म्हणतात. तो आधी दूरसंचार खात्याकडे होता, २०२५ पासून नव्या कायद्याने डीजीसीएकडे आला. परदेशी लायसन्स घेऊन येणाऱ्याला रेग्युलेशन्सचा पेपर आणि नेव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजीचा एकत्र पेपर द्यावा लागतो. मग भारतीय मेडिकल, आरटीआर, तिकडच्या खात्याकडून लायसन्सची पडताळणी आणि इथल्या विमानावर परीक्षकासमोर उड्डाण. त्या उड्डाणाची तयारी म्हणून काही तास इथेही विकत घ्यावे लागतात. पडताळणीचं पत्र येईपर्यंत हात गार पडतो, आणि अलीकडच्या महिन्यांत उड्डाण केलेलं असावं अशीही अट असते. या सगळ्यात सहा महिने सहज जातात. एजंटच्या वेळापत्रकात हे सहा महिने बहुधा नसतात.

म्हणून परदेशी जायचं ठरलं तरी इथले पेपर जाण्याआधी देऊन टाका. अभ्यास ताजा असतो, तिकडचा ग्राउंड क्लास सोपा जातो, आणि मुख्य म्हणजे साठ लाख खर्च करण्याआधी कळतं की वारा, नकाशा आणि होकायंत्राची गणितं आपल्याला जमतात की नाही. पेपरला बसायला डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे तिथला तुमचा नोंदणी क्रमांक, लागतो आणि त्यासाठी बारावीच्या गुणपत्रिकेची बोर्डाकडून पडताळणी. आपलं विभागीय मंडळ पुण्याला आहे, हे काम निकालानंतरच्या गर्दीच्या आत उरकलेलं बरं. आज तरी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेत. कॉमर्स-आर्ट्सची मुलं हे दोन विषय एनआयओएस या मुक्त शिक्षण मंडळातून देतात. ही अट काढून टाकण्याची चर्चा आहे, पण चर्चेवर प्रवेश घेऊ नये.

आता लॉगबुक. परदेशात शिकून आलेल्यांची सगळ्यात जास्त अडचण इथेच होते आणि माहितीपत्रकात याचा उल्लेख नसतो.

डीजीसीएला सीपीएलसाठी किमान २०० तास लागतात. पण नुसती बेरीज २०० झाली म्हणून भागत नाही. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून हवेत, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची. त्याला सगळे पीआयसी म्हणतात. पीआयसी म्हणून २० तास क्रॉस कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे जाणारं उड्डाण, हवं, आणि त्यात एक प्रवास किमान ३०० नॉटिकल मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. इन्स्ट्रुमेंटवरचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त यंत्रांवर उडवल्याचे, १० तास, त्यातले सिम्युलेटरवरचे जास्तीत जास्त ५. रात्रीचे ५ तास, १० टेकऑफ आणि १० लँडिंगसह.

अमेरिकेत साध्या पद्धतीने सीपीएलला २५० तास लागतात, मंजूर अभ्यासक्रमाच्या शाळेत १९०. वरवर बघता २५० मधून २०० सहज निघावेत. गोम तास लिहिण्याच्या पद्धतीत आहे. अमेरिकी नियमानुसार एकदा तुमच्याकडे सीपीएलच्या आधीचं प्रायव्हेट लायसन्स आलं की शेजारी इन्स्ट्रक्टर बसून शिकवत असला तरी, हातात दांडा तुमचा असेल तर तो तास ‘ड्युअल’, म्हणजे शिक्षकासोबतचा, म्हणूनही लिहिता येतो आणि ‘पीआयसी’ म्हणूनही. शिवाय दोन विद्यार्थी एकत्र उडतात. एक डोळ्यांवर झापड लावून फक्त यंत्रांवर उडवतो, दुसरा सेफ्टी पायलट म्हणून बाहेर बघतो. ठराविक अटींवर तो एकच तास दोघंही पीआयसी म्हणून लिहू शकतात. तिथे हे पूर्ण कायदेशीर आहे, तासही स्वस्तात पडतात.

डीजीसीएच्या हिशेबात मात्र अशा एका विमानात एका वेळी एकच पीआयसी असतो, आणि इन्स्ट्रक्टर शिकवत असेल तर तो विद्यार्थी नव्हे. मग २५० तासांचं लॉगबुक घेऊन आलेल्या मुलाचे इथल्या मोजणीत पीआयसीचे ७०-७५ तास भरतात. उरलेले पंचवीस-तीस तास तो धुळ्यात किंवा बारामतीत पैसे मोजून पूर्ण करतो. फसवणूक कुणीच केलेली नसते. त्या शाळेने तिच्या देशाचे नियम पाळले, तिला भारताचे माहीत नव्हते किंवा माहीत करून घ्यायचे नव्हते. म्हणून शाळेला पहिलं पत्र लिहाल तेव्हा ‘तुमच्याकडे भारतीय विद्यार्थी येतात का’ असं मोघम विचारू नका. तिकडे निखळ सोलो, म्हणजे एकट्याने उडणं, आणि क्रॉस कंट्री किती होणार, ३०० मैलांचा प्रवास कधी होणार, रात्रीची लँडिंग कोण मोजणार, दोन इंजिनांच्या विमानावर किती तास मिळणार, हे तक्त्यात मागा. उत्तर टाळणारी शाळा तिथेच गळते.

या सगळ्याच्या आधी मेडिकल. खर्च काही हजारांचा, पण पुढचं सगळं त्यावर. आधी क्लास २, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे, पुण्या-मुंबईत असे डॉक्टर आहेत. मग क्लास १, ठराविक केंद्रांवरच, जसं बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन किंवा दिल्लीचं हवाई दलाचं केंद्र. आपल्याला बंगळूर सोयीचं, उद्यान एक्सप्रेस सोलापुरात पकडली की थेट. चष्म्याची भीती बहुतेकांना उगाच असते, चष्मा लावून उडता येतं. खरी अडचण रंग ओळखण्याची. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा न दिसणारी मुलं वर्गात असतात आणि त्यांना स्वतःला ते माहीत नसतं. वजन, रक्तदाब, नाकाचं वाकडं हाड अशा कारणांनी ‘तात्पुरतं अनफिट’ आलं तर घाबरू नये, बरेच जण उपचार करून पुन्हा जातात. अमेरिकेच्या मेडिकलमध्ये पास झालो म्हणून इथे होऊच असंही नाही. म्हणून भारतीय क्लास १ हातात आल्याशिवाय परदेशी शाळेला एक रुपयाही पाठवू नये. माझ्या मते या लेखातली एवढी एक गोष्ट पाळली तरी पुष्कळ.

देशांबद्दल आता थोडक्यात.

अमेरिकेत विमानं भरपूर, छोटे विमानतळ भरपूर, उडणं भराभर होतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर परदेशी विद्यार्थ्याची सुरक्षा तपासणी वेगळी होते, तिला वेळ धरा. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी वादळी ढग आणि जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. ॲरिझोनात आकाश निरभ्र, पण ऊन आपल्या मे महिन्याला लाजवेल असं. तापलेली हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, म्हणून उन्हाळ्यात तिथे पहाटे उडतात. सोलापूरच्या पोराला ते नवीन नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तिथले बरेच इन्स्ट्रक्टर स्वतःच १५०० तास जमवायला शिकवत असतात. विमान कंपन्यांची भरती जोरात आली की ते भराभर जातात आणि तुमच्या कोर्सच्या मधोमध तिसरा शिक्षक येतो.

कॅनडात सीपीएल २०० तासांवर आहे, शिकवणं शिस्तीचं, पण हिवाळ्यात कोर्स लांबतो. दक्षिण आफ्रिका स्वस्त पडते आणि हवामान चांगलं. शाळांच्या दर्जात मात्र फार तफावत आहे. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात प्रशिक्षण उत्तम, राहणं महाग. युरोपात तेरा लेखी परीक्षा असतात आणि फी सगळ्यांत जास्त. युरोपात कामाचा हक्क नसेल तर भारतीय मुलाने तो खर्च का करावा, हे मला तरी पटत नाही.

आणि भारत? परदेशाच्या चर्चेत याचा विचार राहूनच जातो. कन्व्हर्जनची भानगड नाही, लॉगबुक पहिल्या दिवसापासून इथल्या नियमाने भरतं. महाराष्ट्रातच गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर इथे प्रशिक्षण चालतं. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे, १९८५ पासून, तिथे प्रवेश परीक्षेतून जावं लागतं. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी राज्य सरकारची ‘महाज्योती’ ही संस्था नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवते. ही योजना आपल्या भागात फार कमी जणांना ठाऊक आहे. जाहिरात निघते, मुदत संपते, आणि पत्ता लागत नाही.

भारतातली मोठी अडचण वेळेची. वर्ष-सव्वा वर्षाचा म्हणून सांगितलेला कोर्स दोन-अडीच वर्षांवर जातो. पाऊस, धुकं, दुरुस्तीला उभी विमानं, एका विमानामागे फार विद्यार्थी. २०२५ मध्ये डीजीसीएने प्रशिक्षण संस्थांची पहिल्यांदा प्रतवारी काढली, तेव्हा सगळ्यात वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. म्हणजे लोक परदेशी जातात ते उगाच नाही. माझं मत विचाराल तर, भारतात वेळेवर उडवणारी संस्था सापडत असेल तर भारत. नाही तर परदेश, पण वर सांगितलेला तक्ता हातात घेऊन.

सीपीएल मिळालं म्हणजे एअरबस उडवता येते असंही नाही. दोनशे तास सेसनावर झालेले असतात. मोठ्या विमानाच्या प्रत्येक प्रकारासाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्याच विमानाचं प्रशिक्षण आणि परवानगी, वेगळं. गोव्याहून आपल्याकडे येतं ते एटीआर ७२, त्याचं वेगळं, एअरबस ३२०चं वेगळं. खर्च ठोकळमानाने पंधरा ते पंचवीस लाख. नोकरीची खात्री नसताना आपल्या पैशाने टाइप रेटिंग करणं म्हणजे कंपनी कुठलं विमान घेणार यावर पैज लावणं. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत प्रशिक्षण, टाइप रेटिंग आणि अटींसह नोकरीचा करार एकत्र येतो, पण आकडा कोटीच्या पुढे जातो.

बातम्यांत सारखं येतं की वैमानिकांचा तुटवडा आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, ते खरं. डिसेंबर २०२५ मध्ये ड्युटीच्या तासांचे नवे नियम लागू होताना इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेही खरं. पण तुटवडा जास्त करून अनुभवी कॅप्टनचा असतो. दोनशे तासांची नवी मुलं रांगेत उभीच असतात, कारण त्यांना तयार करायलाही कॅप्टनच लागतो. आणि किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये बसली, तेव्हा त्यांचे अनुभवी वैमानिक याच बाजारात आले होते. मध्ये २०२० चा कोविड वेगळाच. लायसन्स आणि नोकरी यांच्यात एक ते दोन वर्षं धरूनच चालावं.

मुलीला पाठवावं का, असंही अजून विचारलं जातं. भारतात वैमानिकांमध्ये स्त्रिया सुमारे १५ टक्के आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. पुढे.

पैशांबद्दल दडवून उपयोग नाही. सीपीएलपर्यंत भारतात ठोकळमानाने पन्नास ते सत्तर लाख लागतात. अमेरिकेत राहणं-खाणं आणि परतल्यावरचं कन्व्हर्जन धरलं तर तेवढेच किंवा जास्त. त्यात डॉलर आहेच. दहा वर्षांपूर्वी तो पासष्टच्या आसपास होता, २०२५ च्या अखेरीस नव्वदीला टेकला. कोर्स चालू असताना तो पाच रुपयांनी चढला तर साठ हजार डॉलरच्या फीवर तीन लाख वाढतात, आणि ते घरातूनच जातात.

शैक्षणिक कर्ज मिळतं, पण साडेसात लाखांच्या वर तारण लागतं आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. घर किंवा बिगरशेती प्लॉट हवा. मोहोळ-बार्शीकडच्या बऱ्याच कुटुंबांचं गाडं इथेच अडतं. दहा एकर बागायत असूनही बँकेच्या लेखी ती नसल्यासारखी. टाइप रेटिंगसह ८० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला सुमारे ८८ हजार. हप्ता सुरू होण्याआधीही व्याज चढतच असतं, वर्षाला ८ लाख ४० हजार. नोकरीची वाट बघायचं ते एक-दोन वर्षं याच हिशेबात मोडतं, म्हणून कर्जाच्या अर्जातच हप्ता सुरू होण्याआधीचा सुट्टीचा काळ जास्तीत जास्त मागून घ्या. कर्जाच्या रकमेत कन्व्हर्जन आणि इथले जादा तास धरलेत का तेही बघा, बँका मंजुरी शाळेच्या फी-पत्रकावरच देतात आणि त्यात हे नसतं.

शाळेशी करार करताना पूर्ण फी एकदम भरल्यावर मिळणारी सवलत आकर्षक दिसते. ती घेऊ नका. उडवणाऱ्या शाळा बंद पडतात, इथेही आणि तिकडेही, आणि मग विद्यार्थी रांगेत सगळ्यात शेवटी असतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: सोलोपर्यंत एवढे, प्रायव्हेटपर्यंत एवढे, इन्स्ट्रुमेंटपर्यंत एवढे. तासाच्या दरात इंधन धरलंय का, इन्स्ट्रक्टरचे पैसे वेगळे का, इंजिन चालू झाल्यापासून तास मोजतात की उडाल्यापासून, चाचणीत नापास झालं तर पुन्हा किती, हे लेखी घ्या. तिथे आत्ता शिकणाऱ्या दोन भारतीय मुलांचे नंबर मागा, शाळेने निवडून दिलेले नकोत. त्यांना एकच विचारा: गेल्या महिन्यात किती तास उडलात? वीसच्या आसपास उत्तर आलं तर बोलणी पुढे न्या. ‘सर, सध्या विमान मेंटेनन्सला आहे’ असं दोघांकडूनही आलं, तर फोन ठेवून यादीतल्या पुढच्या शाळेला लावा.